तारेविना फुगणारी पिशवी: रोबोटच्या मऊ बोटासाठी वायरलेस अ‍ॅक्च्युएटर कसा बनवायचा

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं पिकलेलं सीताफळ लोखंडी पकडीत धरलं की त्याचा लगदा होतो. म्हणून मराठवाड्यातल्या कॉलेजांमध्ये ‘फळ उचलणारा रोबोट’ हा प्रोजेक्ट निघाला, की गाडी सिलिकॉनच्या मऊ बोटांवर येते. मग कॉम्प्रेसर, नळ्या, व्हॉल्व्ह. बोट दोनशे ग्रॅमचं आणि त्याच्या मागचं लटांबर पाच किलोचं.

दुसरी वाट आहे वाफेची. बंद पिशवीत थोडं अल्कोहोल ठेवायचं. ते तापवलं की वाफ होऊन पिशवी पुरीसारखी फुगते, थंड झालं की बसते. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली सिलिकॉन रबरात आकारमानाने २० टक्के इथेनॉल घोटून असा कृत्रिम स्नायू केला होता. तो ९०० टक्क्यांपर्यंत प्रसरण पावतो. उष्णता द्यायला आत नायक्रोमची तार होती आणि वीज बाहेरून वायरने जात होती. आपण ही वायर काढून टाकणार आहोत: बाहेरच्या ट्रान्समीटरच्या चुंबकीय क्षेत्रातून पिशवीतल्या कॉइलमध्ये वीज येईल आणि तीच हीटर तापवेल.

वायर काढायची ती दिसायला छान म्हणून नव्हे. पिशवीच्या सीलमधून तार बाहेर आली की तारेच्या कडेने वाफ हमखास गळते. कॉइल, कॅपॅसिटर आणि हीटर असं सगळंच पिशवीत घालून चारही बाजू सील केल्या, तर भोकच राहत नाही. शिवाय फळाचा रस लागलेलं बोट काढून नळाखाली धुता येतं. वायरलेसचा खरा फायदा हा आहे.

आधी हिशोब, मग सोल्डरिंग

वायरलेस म्हणजे मोजकेच वॅट. स्वस्तातल्या तयार मॉड्यूलमधून पलीकडे पाच वॅट मिळाले तरी खूप झाले. त्या पाच वॅटमध्ये काय बसतं ते आधी बघू.

कोलंबियासारखा सिलिकॉनचा २० ग्रॅमचा ठोकळा घेतला, तर एक ग्रॅम सिलिकॉन एक अंशाने तापवायला साधारण १.४ ज्यूल लागतात. ३० अंशांवरून ८० अंशांवर न्यायला १४०० ज्यूल झाले. पाच वॅटने ही झाली पावणेपाच मिनिटं, तीही हवेत काहीच उष्णता गेली नाही असं धरून. प्रात्यक्षिकाला आलेले परीक्षक तोवर पुढच्या टेबलावर गेलेले असतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: तार नसेल तर सिलिकॉन नको, पातळ पिशवी घ्या. ५ बाय ६ सेंटिमीटरची पिशवी पूर्ण फुगली की सुमारे ३० मिलिलिटर भरते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक मिलिलिटर द्रव उकळला की सुमारे ३८० मिलिलिटर वाफ होते. म्हणजे आपल्याला हवाय जेमतेम ०.१ मिलिलिटर! तो तापवून वाफ करायला ६० ते ६५ ज्यूल लागतात. कॉइलचं तांबं, हीटर, गॉज आणि प्लॅस्टिकची फिल्म हे सगळं तापवायचं धरलं तर एकूण दोनशे-सव्वादोनशे.

आता उष्णतेची गळती. फुगलेल्या पिशवीचा दर चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशाला साधारण १० वॅट हवेत सोडतो. आपला पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.००६ चौरस मीटर. पिशवीची भिंत ७५ अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल तर ०.००६ × १० × ४५, म्हणजे २.७ वॅट. याचा अर्थ तीन वॅटपेक्षा कमी ताकद मिळाली तर पिशवी कधीच नीट फुगणार नाही, कितीही वेळ थांबा. पाच वॅट मिळाले तर मिनिटभरात फुगेल. पिशवी मोठी करायचा मोह झाला की हे गणित पुन्हा करा.

सामान

अल्कोहोल ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पीसीबी साफ करायला मिळतं तेच. ते ८२.५ अंशांना उकळतं. संभाजीनगर, लातूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंचीवर, त्यामुळे आपल्याकडे दीड-दोन अंश आधीच. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत इथेनॉल रग्गड बनतं, पण परवान्याशिवाय ते हाती लागत नाही, तेव्हा तो विषय सोडा. मिथेनॉलच्या वाटेला जाऊ नका, ते विषारी आहे.

फिल्म मसाल्याच्या पारदर्शक लॅमिनेटेड पाउचची, बाहेरून पॉलिस्टर आणि आतून पॉलिथिन असलेली. पॉलिस्टर ताणत नाही आणि पॉलिथिन सील होतं. चंदेरी पाउच नको, आत द्रव कुठे आहे ते दिसलं पाहिजे. साधी भाजीची पिशवी तापली की ताणून लांबते, दोन-चार वेळांत आकार जातो.

वाइंडिंगची तांब्याची तार २७ गेजची, इनॅमलवाली. पंखा-कूलरच्या मोटारी भरणाऱ्या कोणत्याही दुकानात दोन-तीन मीटर तुकडा सहज मिळतो. फक्त सबमर्सिबलची प्लॅस्टिक गुंडाळलेली तार देऊ नका म्हणावं.

बाकी: ३६ गेजची नायक्रोम तार १५ सेंटिमीटर, पिवळी पॉलिइमाइड टेप, मेडिकलमधला गॉज, इन्सुलिनची सिरिंज, फरसाणवाल्यांकडे असतो तसला हँड सीलर, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणि १२ व्होल्टवर चालणारं वायरलेस पॉवरचं ट्रान्समीटर मॉड्यूल.

मोबाइलचं चार्जिंग पॅड आणून काम भागेल असं वाटत असेल, तर नाही भागणार. ‘ची’ (Qi) या वायरलेस चार्जिंगच्या मानकाचं पॅड समोरच्या फोनकडून डिजिटल उत्तर आल्याशिवाय वीज सोडतच नाही. आपली कॉइल मुकी. त्यामुळे सतत चालू राहणारं साधं मॉड्यूलच हवं.

कॉइल

जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये १२ मिलिमीटर व्यासाचं लाकडी बटण अडकवा आणि त्या फटीत तार चपटी गुंडाळत जा, जिलेबीसारखी नव्हे, एकाला एक चिकटून. २५ वेढ्यांनंतर बाहेरचा व्यास सुमारे ३६ मिलिमीटर येतो आणि इंडक्टन्स १५ मायक्रोहेन्रीच्या आसपास. वेढे सुटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पॉलिइमाइड टेप लावा. फेव्हिक्विक नको, अल्कोहोलच्या वाफेत आणि ८० अंशांत ते फार टिकत नाही.

कॉइल स्वतः तापते याची इतर ठिकाणी डोकेदुखी होते. इथे कॉइल पिशवीतच असल्याने ती उष्णताही द्रवालाच मिळते. त्यामुळे लिट्झ वायरच्या (बारीक इनॅमल तारा पिळून केलेल्या, कमी तापणाऱ्या तारेच्या) मागे लागू नका.

वारंवारता मोजा, मगच कॅपॅसिटर घ्या

मॉड्यूलच्या पाकिटावर वारंवारता लिहिलेली असली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका. कॉलेजच्या डीएसओच्या (डिजिटल ऑसिलोस्कोपच्या) प्रोबला तारेचे तीन वेढे जोडा, चालू ट्रान्समीटरवर धरा आणि स्क्रीनवर वाचा. मग कॉइल आणि कॅपॅसिटरचा सूर त्याच वारंवारतेला जुळवायचं साधं सूत्र: C = १ ÷ (४π²f²L). C म्हणजे कॅपॅसिटर, f वारंवारता, L कॉइलचा इंडक्टन्स. पंधरा-साडेपंधरा मायक्रोहेन्रीच्या कॉइलला १०० किलोहर्ट्झवर ०.१६ मायक्रोफॅरड लागतो, म्हणजे ०.१५ आणि ०.०१ समांतर जोडा. १२५ ला ०.१, १५० ला ०.०६८ ते ०.०७५. फिल्म कॅपॅसिटर घ्या, १०० व्होल्टचा. बिस्किटी रंगाचा साधा सिरॅमिक तापला की आपली किंमत बदलतो आणि सूर बिघडतो.

कॉइल, कॅपॅसिटर, नायक्रोम: तिघं एकामागे एक, सिरीजमध्ये. डायोड नको, रेक्टिफायर नको. हीटरला एसी काय, डीसी काय, सारखंच. १५ सेंटिमीटर नायक्रोमचा रोध साडेपाच ओहमच्या जवळपास येतो. एवढ्या रोधामुळे सर्किटचा सूर ढोबळ राहतो, म्हणून कॅपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असला तरी चालतं. नायक्रोमला सोल्डर धरत नाही. तिच्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळून बारीक फेरूलमध्ये (धातूच्या नळीत) दाबा.

ग्लासभर नव्हे, वीस मिलिलिटर पाण्याची परीक्षा

साधा मल्टिमीटर १०० किलोहर्ट्झवर धडधडीत खोटं बोलतो. मग पलीकडे किती वॅट पोचतात हे कळणार कसं? पाण्याने. औषधाच्या छोट्या प्लॅस्टिकच्या मापात २० मिलिलिटर पाणी घ्या, टेप लावलेला हीटर त्यात बुडवा, कॉइल बाहेर ट्रान्समीटरवर ठेवा, मधे दोन-तीन मिलिमीटर पुठ्ठा. पाण्याचं तापमान बघा, दोन मिनिटं चालू करा, ढवळा, पुन्हा बघा.

एक मिलिलिटर पाणी एक अंश तापायला ४.१८ ज्यूल. वीस मिलिलिटरला ८४. पाच वॅटने दोन मिनिटांत ६०० ज्यूल जातात, म्हणजे तापमान सात अंशांनी चढायला हवं. चार अंश चढलं तर तीन वॅटच्या खाली आहात. मग अंतर कमी करा, कॅपॅसिटर एक पायरी वर-खाली करून बघा. सगळं जागेवर असूनही चढत नसेल तर टेबलाकडे बघा. पत्र्याच्या टेबलावर हे चालत नाही, चुंबकीय क्षेत्र पत्राच खातो. लाकडी पाट घ्या.

अंतराचा ढोबळ नियम: कॉइलच्या व्यासाच्या पाव भागाच्या आत राहा. इथे म्हणजे नऊ मिलिमीटर. चार मिलिमीटर मिळाले तर उत्तम. ‘खोलीभर वायरलेस वीज’ वगैरे व्हिडिओ बघून या प्रकल्पाकडे येऊ नका.

ही परीक्षा पास झाल्याशिवाय पिशवी सील करू नका. सील झाल्यावर आतलं काहीच दुरुस्त होत नाही.

हीटर, गॉज आणि पिशवी

नायक्रोम ३ बाय ४ सेंटिमीटर जागेत नागमोडी पसरवा आणि दोन पॉलिइमाइड टेपांमध्ये दाबा. एकाच जागी गोळा झाली तर त्या ठिकाणी पॉलिथिन वितळेल. वरून गॉजचा एक पदर गुंडाळा. गॉजचं काम मोठं आहे: पिशवी आडवी, उभी, उलटी कशीही असो, द्रव शोषून तो हीटरपाशी धरून ठेवतो. गॉज नसेल तर थेंब कोपऱ्यात जाऊन बसतो आणि हीटर कोरडाच तापत राहतो.

सोल्डर केलेली टोकं घासून गोल करा आणि टेपने झाका, नाहीतर पहिल्याच फुगवणीत फिल्मला टोचतील. सगळा जोड आधी अल्कोहोलमध्ये बुडवून धुवा. सोल्डरचा राळेचा फ्लक्स अल्कोहोलमध्ये विरघळतो. न धुता पिशवीत घातलात तर गॉज चिकट, तपकिरी होतो.

आता कॉइल फिल्मच्या एका भिंतीला आतून टेपने चिकटवा, ही खालची बाजू. ट्रान्समीटर कायम या बाजूला राहील. चिकटवली नाही तर पिशवी फुगताना कॉइल वर उचलली जाते, अंतर वाढतं आणि ऐन रंगात आल्यावर ताकद पडते.

तीन कडा सील करा, प्रत्येक कडेला दोन-दोन पट्ट्या, मधे तीन मिलिमीटर सोडून. चौथी कड अर्धी उघडी ठेवा.

द्रव भरणं

सिरिंज हातात घेतली की आधी तिच्यावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये यू-४० आणि यू-१०० अशा दोन्ही मिळतात. यू-१०० वर १०० युनिट म्हणजे एक मिलिलिटर, यू-४० वर ४० युनिट म्हणजे एक मिलिलिटर. आपल्याला ०.१ मिलिलिटर हवं: यू-१०० वर १० युनिट, यू-४० वर ४. अदलाबदल झाली तर अडीचपट द्रव जातो आणि पिशवी फुटते.

इतकं कमी द्रव घालण्यामागे सुरक्षेचं गणित आहे. सगळ्याची वाफ झाली तरी मोकळी पिशवी फाटेल इतका दाब चढायला नको. द्रव जास्त घातला तर तापमान चढत जातं, दाब चढत जातो आणि सील कुठेतरी हार मानतं.

द्रव थेट गॉजवर सोडा. मग पिशवी पाटावर ठेवून सपाट पट्टीने उघड्या कडेकडे दाबत हवा काढा आणि लगेच सील करा. आत राहिलेली हवा थंड झाल्यावर बसत नाही, त्यामुळे पिशवी कायम अर्धवट फुगलेली राहते. मे महिन्यात हे काम सकाळी करा. ४२ अंशांत गॉजवरचा थेंब तुम्ही सीलर शोधेपर्यंत उडालेला असतो.

सीलिंगच्या जागेबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १२ अंश, म्हणजे आपल्या हवेत बाराही महिने त्याची वाफ पेट घेऊ शकते. बाटली बंद करून दूर ठेवा, मगच सीलर गरम करा. उघड्या व्हरांड्यात बसा, गॅस, उदबत्ती, सिगारेट आसपास नको. बादलीभर पाणी जवळ असू द्या. हे अल्कोहोल पाण्यात मिसळतं, म्हणून छोटी आग पाण्याने विझते. चालू ट्रान्समीटरजवळ पेसमेकर असलेल्या माणसाला येऊ देऊ नका, आणि स्वतःची अंगठी काढून ठेवा.

सील झाल्यावर पिशवी पाण्यात बुडवून हलकेच दाबा. एक बुडबुडा दिसला तरी ती रद्द.

पहिली फुगवणी

ट्रान्समीटर, वर तीन मिलिमीटर पुठ्ठा, वर पिशवी, आणि पुढे तुम्ही, डोळ्यांवर चष्मा लावून. पहिली वीस-पंचवीस सेकंद काहीच होत नाही. मग गॉजच्या कडेला बारीक बुडबुडे येतात, भिंतीवर आतून दव धरतं, आणि त्यानंतर पिशवी पाचएक सेकंदांत झपकन उचलली जाते. दव का? बाहेरची भिंत थंड असते, वाफ तिच्यावर परत द्रव होते. भिंत तापली की दव नाहीसं होतं आणि फुगणं पूर्ण होतं.

पूर्ण फुगायला लागलेला वेळ टिपा आणि टायमर रिले त्याहून पाच-दहा सेकंद जास्तवर लावा. पुढे वाट बघण्यात अर्थ नाही. द्रव संपल्यावर हीटर कोरडा पडतो आणि त्याचं तापमान ८२ वर थांबत नाही. फुगलेलीच धरून ठेवायची असेल तर साधारण अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद: पाच सेकंद इकडे, पाच तिकडे. नियंत्रण सगळं ट्रान्समीटरच्या १२ व्होल्टवर. पिशवीत ना सेन्सर, ना बॅटरी.

चिमटा

दोन लाकडी पट्ट्या, प्रत्येकी १२ सेंटिमीटर. फुलीसारख्या न ठेवता समोरासमोर धरून मागून पाच सेंटिमीटरवर दोरीने बांधून टेकू करा, खिळा-बिजागरी नको. मागच्या टोकांमध्ये पिशवी, पुढच्या टोकांना फोमचे तुकडे. पिशवी फुगली की मागची टोकं फाकतात आणि पुढची मिटतात. मागच्या टोकांवर रबर बँड लावा. तो थंड होताना पिशवी दाबून चिमटा उघडतो.

ताकद किती? आतला दाब बाहेरच्यापेक्षा १० किलोपास्कलने जास्त आणि पट्टीला टेकलेली जागा ८ चौरस सेंटिमीटर असेल, तर जोर ८ न्यूटन. टेकूपासून पिशवीचं मध्य तीन सेंटिमीटरवर आणि फोम सात सेंटिमीटरवर, म्हणून पुढे पोचतात ३.४ न्यूटन, त्यातून रबराचं वजा. शंभर ग्रॅमचा टोमॅटो आरामात उचलला जातो. मोठ्या सीताफळासाठी टेकू पुढे सरकवा किंवा पिशव्या दोन लावा. दाब दहा किलोपास्कलने वाढवायला तापमान फक्त अडीच अंशांनी चढावं लागतं, म्हणून ‘अजून थोडं चालू ठेवू’ हा मोह इथे महागात पडतो.

चिमट्यातल्या पिशवीला फुगायला जागा निम्मीच असते हे लक्षात घ्या. तिच्यात १० नव्हे, यू-१०० ची ६ युनिटच द्रव घाला.

उन्हाळा, हिवाळा

परभणीच्या मे महिन्यात आणि डिसेंबरच्या पहाटे हीच पिशवी वेगळी वागते. भिंत ७५ अंशांवर धरली, तर ४२ अंशांच्या हवेत फरक ३३ चा आणि १५ अंशांच्या हवेत ६० चा. उन्हाळ्यात थोड्या वॅटवरही फुगते, पण बसायला जवळजवळ दुप्पट वेळ घेते. हिवाळ्यात पटकन बसते, पण तीन-साडेतीन वॅटवर फुगतच नाही. प्रदर्शन उन्हाळ्यात असेल तर ट्रान्समीटरवर नव्हे, पंख्यावर खर्च करा. पाच व्होल्टचा छोटा पंखा पिशवीवर सोडला की बसण्याचा वेळ निम्म्याच्या आत येतो. पंखा फक्त ट्रान्समीटर बंद असतानाच चालू झाला पाहिजे, एवढं रिलेचं जोडकाम नीट करा.

अल्कोहोल पॉलिथिनमधून हळूहळू झिरपतं, त्यामुळे पिशव्या कायमच्या टिकत नाहीत. वापर नसेल तेव्हा हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवा. फुगवटा कमी पडायला लागला की नवी पिशवी करा, जुनी उघडून कॉइल आणि कॅपॅसिटर काढून घ्या.

दोन बोटं, एक ट्रान्समीटर

पहिलं बोट जमलं की दुसऱ्याची हाव सुटतेच. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलेली युक्ती इथे कामी येते: प्रत्येक सांध्याच्या रिसीव्हरला वेगळी अनुनादी वारंवारता द्यायची आणि ट्रान्समीटरची वारंवारता बदलून हवा तोच सांधा हलवायचा. त्यासाठी वारंवारता बदलता येणारा ट्रान्समीटर लागेल, आणि वर सांगितलेला ढोबळ सूर चालणार नाही. एका बोटाला १०० आणि दुसऱ्याला १५० किलोहर्ट्झ दिले तरी साडेपाच ओहमवर दोन्ही थोडीथोडी तापतील. नायक्रोम आखूड करून रोध दोन ओहमवर आणा, म्हणजे सूर धारदार होतो. रोध उतरला की प्रवाह वाढतो, म्हणून कॅपॅसिटरचं व्होल्टेज पुन्हा तपासा आणि पाण्याची परीक्षा दोन्ही वारंवारतांवर, दोन्ही बोटांसाठी वेगवेगळी करा. न मागितलेल्या बोटाला एक वॅटच्या आत मिळत असेल तर ते जागचं हलणार नाही. गळतीचे २.७ वॅट इथे आपल्याच बाजूने असतात.